दाभाडे सरांचा पुढचा ब्रेक

दाभाडे सर गेले हे मी ज्याला ज्याला सांगितलं, त्याने पहिला प्रश्न एकच विचारला, "गाडीवरून पडले का?" मला दर वेळी राग यायचा. पन्नासेक वर्षं दुचाकीवर काढलेला हा माणूस कधी पडलाच असेल तर तो शिकवण्यासाठी, मुद्दाम, अंगात जाड जॅकेट घालून. गेले ते मुकुंदवाडीतल्या आपल्या घरी, खाटेवर, सकाळचा चहा व्हायच्या आधी, झोपेतच. त्यांच्या मुलीचा, अस्मिताचा फोन आला तेव्हा मी पिशोरच्या शाळेत नववीच्या वर्गावर होतो. फळ्यावर वर्गमुळाचं उदाहरण अर्धं सुटलेलं होतं. बाहेर जाऊन फोन घेतला, परत आलो, खडू उचलला आणि ते उदाहरण पूर्ण केलं. मग मुलांना म्हणालो, आज एवढंच... त्यानंतर काय केलं ते मला आठवत नाही.

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. खरं सांगायचं तर सरांबद्दल लिहायला बसलं की रडू येण्याऐवजी माझे हात शिवशिवायला लागतात. ते होतेच तसे. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे निदेशक म्हणून नोकरी केली, निवृत्त झाले आणि त्या वयात लोक देवळं, विहारं, नाहीतर नातवंडं धरतात तसे सरांनी रस्त्यावरचे ब्रेकचे डाग धरले. कुठे अपघात झाला, वकिलाला किंवा पोलिसाला शंका आली, की सरांना बोलावणं जायचं. सर टेप, खडूचा डबा आणि पाण्याची बाटली घेऊन निघायचे. चेहऱ्यावर असा आनंद, की बघणाऱ्याला वाटावं हे गृहस्थ बारशाला निघालेत.

माझी त्यांची ओळख मात्र माझ्याच अपघाताने झाली. मी आणि माझी बायको रेखा शहरातून पिशोरला निघालो होतो. सकाळी दहाचा सुमार, कोरडा रस्ता, लख्ख ऊन. पिशोर दोन कोसांवर राहिलेलं आणि डावीकडच्या शेतातून अद्रकाने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली एकदम आडवी रस्त्यावर आली. मी जिवाच्या आकांताने ब्रेकवर पाय दिला. मागचं चाक किंचाळलं, गाडी शेपूट हलवत घसरत गेली आणि ट्रॉलीच्या फळीवर आपटली. मला खरचटलं. रेखाचा डावा पाय मांडीपाशी मोडला. रस्त्यावर काळी रेघ उमटली होती, बावीस मीटर लांब. पंचनाम्याला आलेल्या हवालदाराने त्या रेघेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "ऐंशीच्या खाली नव्हता तुम्ही, मास्तर." बेदरकार वाहन चालवल्याचा गुन्हा माझ्यावर दाखल झाला.

गुन्ह्याचं एवढं काही वाटलं नाही. वाटलं ते दवाखान्यात. माझे सासरे, ज्यांना मी मामा म्हणतो, ते वेरूळहून आले. मामांनी तीस वर्षं एसटी चालवली आणि एकही अपघात नाही. त्यांच्या घरात त्याचं प्रशस्तिपत्रक देवाच्या फोटोशेजारी लावलेलं आहे. वाटेत थांबून त्यांनी ती रेघ स्वतः पावलांनी मोजली होती. कॉटजवळ उभं राहून, नर्ससमोर, माझ्या आईसमोर ते म्हणाले, "गुर्जी, माझी पोरगी पुन्यांदा तुमच्या गाडीवर बसणार नाय." आणि पाय थोडा सांधल्यावर ते तिला वेरूळला घेऊन गेले. आठवडे गेले. दर शनिवारी मी जायचो, चहा मिळायचा, तिला न्यायचा विषय निघाला की मामा उठून गोठ्याकडे जायचे. एकदा रेखाने मला फोनवर हळूच विचारलं, "खरं सांगा, किती होता स्पीड?" आणि मला सांगता येईना. गाडीच्या मीटरची वायर तुटून वर्ष झालं होतं, काटा कायम शून्यावर. मला वाटत होतं मी पन्नासच्या आत होतो. पण ती लांबच लांब रेघ मीही बघितली होती. मी गणित शिकवतो... आणि माझ्याच हाताने माझ्या बायकोचा पाय मोडला की नाही, हे मला ठाऊक नव्हतं.

माझे वकील म्हणाले, मुकुंदवाडीत एक ब्रेकवेडा माणूस आहे, त्याला भेटा. भेटलो. सगळी कहाणी सांगितली, बायको, सासरे, मीटर. मधेच त्यांनी मला थांबवलं आणि विचारलं, टायर कुठे आहे? गाडी अजून पोलीस ठाण्याच्या आवारात आहे म्हटल्यावर ते तसेच चपला घालून उठले. आवारात जप्त गाड्यांच्या ढिगात माझी गाडी सापडताच ते मागच्या चाकापाशी उकिडवे बसले, चाक हळूहळू फिरवलं आणि एका जागी थांबून त्यांनी माझी बोटं धरून टायरवर टेकवली. तिथे तळहाताएवढा पट्टा गुळगुळीत घासलेला होता, लाकडावरून रंधा फिरवावा तसा. चाक फिरायचं थांबलं आणि गाडी मात्र पुढे जात राहिली, की टायरचा एकच भाग रस्त्यावर घासत जातो. मग पुढचा टायर बघितला. त्याच्यावर असा डाग नव्हता. सर इतके खूश झाले की ठाणे अंमलदार खिडकीतून डोकावला.

मग त्यांनी हँडलवरचा पुढचा ब्रेक दाबला. तो मुठीला जाऊन टेकला, काहीच जोर लागला नाही. मी म्हणालो, अपघातात तुटला असेल. सर खाली वाकले. पुढच्या चाकाशी ब्रेकची केबल जिथे संपते तिथे एक नट असतो, तो आवळला की ब्रेक लागतो. माझा नट पार शेवटपर्यंत मागे घेतलेला होता आणि उघड्या पडलेल्या आट्यांवर धूळ बसून गंज धरला होता. "हे अपघातातलं नाय," सर म्हणाले. "कुणीतरी पान्यानं ढिला केलाय. अपघाताच्या आधीच, तीन-चार महिने तरी." मग त्यांनी विचारलं, मी पुढचा ब्रेक कधी दाबतो? मी खरं तेच सांगितलं. कधीच नाही. गाडी शिकवताना काकांनी पहिला धडा दिला होता, पुढचा ब्रेक दाबला की माणूस तोंडावर पडतो. आपल्याकडे प्रत्येकाला हाच धडा मिळतो. सर सांगत होते, बाप पोराच्या गाडीचा, नवरा बायकोच्या गाडीचा पुढचा ब्रेक मायेने ढिला करून देतात. त्यांनी उघडलेल्या गाडीमागून गाडीत हाच नट असाच मागे घेतलेला सापडला होता.

दुसऱ्या दिवशी उजाडता आम्ही जागेवर होतो. रेघ फिकी झाली होती, मला तर दिसतच नव्हती. सर म्हणाले, ऊन तिरपं आहे तोवरच दिसेल, आणि चक्क रस्त्यावर पालथे पडले, गाल डांबराला लावून. मी लाल ओढणी हलवत गाड्या थांबवतोय, दुधवाले उतरून विचारतायत, बाबाला भोवळ आली का, आणि बाबा खालून ओरडतोय, "खडू! खडू द्या हितं!" सापडली होती. एकच रेघ, एकाच चाकाची, शेवटाकडे नागमोडी होत गेलेली. पुढच्या चाकाचा मागमूस नाही. रस्त्याच्या कडेला बसून सरांनी मला समजावलं. ब्रेक मारला की गाडीचं सगळं वजन पुढे झेपावतं, पुढचं चाक रस्त्याला घट्ट धरतं आणि मागचं हलकं होतं. हलकं चाक लगेच अडकतं आणि नुसतं घसरत जातं. दोन्ही ब्रेकच्या निम्म्या जोरानेही ते गाडी थांबवत नाही. म्हणून नुसत्या मागच्या ब्रेकची रेघ लांबलचक दिसते. ती बघून लोक म्हणतात केवढा स्पीड! तर लांबी स्पीडची नसते, मागच्या चाकाच्या अशक्तपणाची असते.

गणित मात्र त्यांनी मलाच करायला लावलं. ते म्हणाले, मी केलं तर तुमचे सासरे म्हणतील जावयाने माणूस आणला. नुसत्या मागच्या चाकाची पकड किती धरायची तेवढं त्यांनी सांगितलं, ट्रॉलीची फळी किती वाकली त्यावरून शेवटचा वेग किती राहिला असेल तेही सांगितलं, आणि पाठीला पाठ लावून बसले, कॉपी करू नये म्हणून. मी एका जुन्या प्रवेश अर्जाच्या मागे मांडणी केली. वर्गमूळ काढलं. ताशी अठ्ठेचाळीस. पुन्हा केलं, तिसऱ्यांदा केलं. अठ्ठेचाळीसच. वर्गमूळ काढून ढसाढसा रडलेला मी बहुधा एकटाच गणिताचा मास्तर असेन. सरांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, आता दोन्ही ब्रेक धरून तेच गणित करा. ते उत्तर आलं आणि माझं रडणं थांबलं. गाडी पंधरा मीटरच्या आत थांबली असती, ट्रॉलीच्या सात मीटर अलीकडे. "स्पीड तुमचा नव्हता, गुर्जी," ते म्हणाले. "पण ब्रेक तुमचा व्हता."

कागदावर मामा विश्वास ठेवणार नाहीत हे सरांनी त्यांना न बघताच ओळखलं. ड्रायव्हर माणूस, डोळ्यांनी बघितल्याशिवाय मानायचा नाही. गाडी सुटून आली, मीटरची वायर नवी टाकली, आणि सरांनी स्वतः वेरूळला फोन करून मामांना सांगितलं की तीस वर्षांच्या अनुभवी चालकाने परीक्षेला हजर राहावं, दुसरं कोणी चालणार नाही. मामा आले, इस्त्रीची टोपी घालून. रेखा कुबडी घेऊन आली. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत एक रस्ता आहे, सरळसोट आणि पुढे काहीच नसलेला. रविवारी तिथे कुत्रंही फिरकत नाही. सरांनी एका जागी खडूने आडवी रेघ मारली, इथून ब्रेक. तिथून बावीस मीटरवर फ्रिजचा मोठा रिकामा खोका उभा केला आणि त्यावर खडूनेच लिहिलं, ट्रॉली.

पहिली फेरी नुसत्या मागच्या ब्रेकची. सर लांबून आले, सत्तरीच्या घरातला माणूस, कोपरांना फडकी गुंडाळलेली, मीटरवर बरोबर अठ्ठेचाळीस. रेघेवर पाय दाबला. तोच आवाज... रेखाने डोळे मिटले. गाडी शेपूट हलवत गेली आणि धप्पकन खोक्यात घुसली. खोका उडाला, सर गाडीसह त्याच्यावरून थोडे पुढे जाऊन थांबले आणि तिथूनच ओरडले, "मोजा!" मामांनी मोजली. पावलांनी मोजली, मग टेप घेऊन मोजली. दवाखान्याआधी त्यांनी जी रेघ मोजली होती तिच्याहून थोडी लांबच ही रेघ, आणि वेग त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेला. त्यांनी टेप गुंडाळून सरांना परत केली.

सरांनी खोका पुन्हा उभा केला, पाना काढला आणि मामांना नट दाखवला. हा मागे घेतला की पुढचा ब्रेक नुसता शोभेला राहतो, अपघाताच्या दिवशी तो असाच होता, आता मी आवळतो आणि दुसरी फेरी घेतो. ते वाकले, तर मामांनी त्यांचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या. पाना हिकडं द्या," मामा म्हणाले. "म्याच ढिला केला व्हता. दिवाळीत दोघं घरी आलती तवा. म्हणलं, पोरगी मागं बसणार, हे घाईत पुढचा दाबतील अन् दोघंबी तोंडावर जातील." दिवाळीच्या दुपारी मी जेवून झोपलो असताना त्यांनी हे केलं होतं, आणि लेकीच्या काळजीचं एक काम उरकलं म्हणून निवांत झाले होते. तिथे उभं राहून मला काय वाटलं? आधी खुशी, हो, कबूल करतो, इतके दिवस ऐकून घेतलेल्या जावयाची खुशी. ती जेमतेम क्षणभर टिकली. मामांची टोपी हातात आली होती.

सरांच्या जागी मी असतो तर भाषण ठोकलं असतं. सर म्हणाले, "मामा, माझ्या बापानंबी माझा असाच ढिला केलता." आणि पाना त्यांच्या हातात दिला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अन् तुम्हाला चार महिने पत्ता नाय, गुर्जी. गाडी तुम्ही चालवत व्हता." मामांनी नट आवळला. सरांनी दुसरी फेरी घेतली. पुढचा ब्रेक लिंबू पिळावा तसा, आधी हळू, मग घट्ट. गाडीने नाक खाली घातलं आणि खोक्याच्या सात-आठ मीटर अलीकडे ती उभी राहिली, गुमान. आम्ही धावत गेलो तर रस्त्यावर रेघच नव्हती. चांगला ब्रेक काही लिहून ठेवत नाही, सर म्हणायचे, म्हणून त्याचं कुणी नाव काढत नाही. मी ओरडलो, सर ओरडले, मामासुद्धा ओरडले. शांत होती ती एकटी रेखा. ती कुबडी टेकत आली, आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे माझा पाय तुम्ही दोघांनी मिळून मोडला." मग सरांना म्हणाली, "सर, मला शिकवा. दुसऱ्याच्या हातातल्या ब्रेकवर मला आता बसायचं नाय."

सरांचा अहवाल कोर्टात गेला आणि माझ्यावरचा ठपका यथावकाश पुसला गेला, पण ते आता मला दुय्यम वाटतं. पाय धड झाल्यावर रेखा त्याच गाडीवर त्याच रस्त्यावर शिकली. सर तिच्याबरोबर पळत असायचे, शब्दशः पळत, "पिळा, झटका नाय, पिळा" असं ओरडत. रविवारचा वर्गच सुरू झाला. शिक्षिका यायच्या, डिलिव्हरीवाले यायचे. सर सगळ्यांना मागच्या चाकाची घसर आधी मुद्दाम अनुभवायला लावायचे, म्हणजे रस्त्यावर कधी झाली तर घाबरून हातपाय गळणार नाहीत. पुढचं चाक अडकलं तर काय होतं तेही ते दाखवायचे, जॅकेट घालून, अगदी हळू वेगात, आणि धुळीतून उठून म्हणायचे, बघा, ब्रेक वाईट नाही, झटका वाईट.

त्यांच्या चुकाही त्यांच्यासारख्याच होत्या. पेट्रोल पंपावर रांगेतल्या अनोळखी गाड्यांचे पुढचे ब्रेक दाबून बघायची त्यांना खोड होती. दोनदा लोकांनी चोर समजून धरलं. आणि पिशोरच्या माझ्या पुतणीच्या लग्नात तर कहरच केला. अक्षता पडेपर्यंत दम निघेना म्हणून खिशातला पाना काढून मांडवाबाहेरच्या झाडून सगळ्या गाड्यांचे पुढचे ब्रेक आवळून टाकले. कुणाला न सांगता! संध्याकाळपर्यंत गावात तिघे पडले, त्यातले एक वराचे मामा, तेही उकिरड्यात. दुसऱ्या दिवशी सर आणि मी घरोघर हात जोडत फिरलो. परतताना म्हणाले, शिकवल्याशिवाय आवळायचं नसतं, मी मास्तर असून विसरलो. त्यानंतर त्यांनी परक्या गाडीच्या नटाला हात लावला नाही. मला हे सर जास्त जवळचे वाटतात.

मुकुंदवाडीत त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आम्ही तिघंही गेलो. वंदना झाली, माणसं बोलली, त्यांत रविवारच्या रस्त्यावरची निम्मी होती. मामांना बोलायला सांगितलं तर ते उठले, सरांच्या फोटोला हात जोडले आणि खाली बसले. सर गेल्यापासून त्यांनी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. निघताना त्यांना एसटीला सोडणार होतो, पण ते रेखाच्या गाडीकडे गेले आणि तिच्या मागे बसले. तिने गाडी काढली. मी माझ्या गाडीवर मागे. दौलताबाद गेलं आणि घाटाच्या पायथ्याशी वळणावर पुढची काळीपिवळी जीप कडेच्या सवारीसाठी भर रस्त्यात एकदम थांबली. रेखाच्या गाडीने नाक खाली घातलं, मागची बाजू जराशी उचलल्यासारखी झाली, आणि गाडी जीपच्या हातभर अलीकडे उभी. जीपवाल्याला कळलंही नाही; सवारी घेऊन तो निघून गेला.

मामा उतरले. आल्या वाटेने दहा-बारा पावलं मागे चालत गेले, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि डांबर बघत राहिले. मी जवळ गेलो, मीही बघितलं. "कायच उमटलं नाय," मामा म्हणाले, आणि रस्त्याच्या कडेला खाली बसून टोपी तोंडावर धरून मोठमोठ्याने रडायला लागले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. रेखाकडे वळून बघितलं तर तिने अजून गाडी बंद केली नव्हती. तिची बोटं पुढच्या ब्रेकवरच होती.